पार्श्वभूमी : ‘अझवाद’ म्हणजे नेमका कुठला मुलूख?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तरेत सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांच्या बंडाची बातमी आली की ‘अझवाद’ हा शब्द हमखास येतो. मुळात हे टिंबक्टूच्या उत्तरेकडच्या रखरखीत सखल पट्ट्याचे जुने नाव. बंडखोरांनी त्यात टिंबक्टू, गाओ आणि किदाल हे तिन्ही प्रांत धरले. किदालमध्ये तुआरेगांचा वरचष्मा आहे. पण नायजर नदीकाठी, गाओच्या बाजूला सोंघाई लोक संख्येने जास्त. शिवाय फुलानी आणि अरबही आहेत. त्यांना कोणी विचारले होते?

१९६३-६४ चे पहिले बंड लष्कराने निर्दयपणे चिरडले. पुढच्या दुष्काळांत गुरे मेली आणि तरुण पोटासाठी अल्जीरिया-लिबियात गेले. त्यांना ‘इशुमार’ म्हणत. ‘बेकार’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून पडलेले नाव. लिबियात लष्करी शिक्षण घेतलेल्या याच पोरांनी १९९० चे बंड उभारले. १९९१ च्या समझोत्यानंतर त्यांच्या संघटनेने नावातला ‘मुक्ती’ शब्द गाळला, ‘अझवाद’ ठेवला. १९९२ च्या करारात विशेष दर्जा मिळाला तो मात्र ‘उत्तर माली’ला. बंड संपल्याची खूण म्हणून २७ मार्च १९९६ रोजी टिंबक्टूत सुमारे ३,००० बंदुकांचा ढीग रचून पेटवला गेला आणि जळक्या बंदुका स्मारकाच्या सिमेंटमध्ये बसवल्या गेल्या.

२०११ मध्ये लिबियातली राजवट कोसळली आणि तिथले तुआरेग सैनिक शस्त्रांसह घरी परतले. जानेवारी २०१२ मध्ये लढाई पेटली, मार्चमध्ये राजधानी बामाकोत लष्कराने सत्ता बळकावली, आणि ६ एप्रिलला बंडखोरांनी अझवादचे स्वातंत्र्य जाहीर करून टाकले. एकाही देशाने ते मानले नाही. ही घाई भोवली, आणि सर्वांत जास्त भोवली ती सामान्य तुआरेगांना. तीन महिन्यांच्या आत, सोबत लढलेल्या जिहादी गटांनीच बंडखोरांना गाओतून हुसकावले. टिंबक्टूत संतांच्या मातीच्या कबरी कुदळींनी फोडल्या गेल्या.

सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या २०१५ च्या अल्जियर्स करारात पुन्हा हाच शब्द अडला. शेवटी ‘अझवाद’ म्हणजे उत्तरेतल्या निरनिराळ्या समाजांचे सामाजिक-सांस्कृतिक, स्मृतींशी जोडलेले आणि प्रतीकात्मक वास्तव, असे लिहिले गेले. म्हणजे भावना मान्य, हद्द नाही. माझ्या मते त्यातल्या त्यात प्रामाणिक तोडगा हाच होता. सरकारने मे महिन्यात सही केली, बंडखोरांनी जूनमध्ये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कराने रशियन भाडोत्री सैनिकांच्या मदतीने किदाल घेतले. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने करारच मोडीत काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बंडखोर गटांनी नवी आघाडी उभारली. १९९१ मध्ये गाळलेला ‘मुक्ती’ शब्द तिच्या नावात परत आला आहे.