बाहेरून बी.ए. : खानदेशात विद्यापीठ किती जवळ आलं?

खानदेशात ‘मी बाहेरून बी.ए. केलं’ असं सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. कुणी एसटीत कंडक्टर, कुणी तलाठी, कुणी भुसावळच्या रेल्वेत. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरायचा आणि पुढे विद्यापीठाचा बहिःस्थ अर्ज. माझी आत्या त्यांतलीच. पदरात दोन मुलं आणि घरी गुरंढोरं असताना तिनं गाइडं वाचून पदवी मिळवली. त्या सगळ्या वर्षांत तिनं कुणाचंही एक व्याख्यान ऐकलं नाही. तिच्या जिद्दीचं कौतुक आमच्या घरात आजही होतं आणि ते व्हायलाच हवं. पण विद्यापीठानं तिला शिकवलं काय, हे कुणी कधी विचारलं नाही.

२०२४-२५ पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत आलं. परिपत्रकांत ‘खुलं’, ‘लवचिक’, ‘विद्यार्थिकेंद्री’ हे शब्द वारंवार दिसतात. खानदेशला ते अगदीच नवे नाहीत. उच्च शिक्षणाचं दार इथे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा उघडलं गेलं आहे. मात्र बहुतेक वेळा आधी परीक्षा जवळ आली, शिकवणं मागेच राहिलं. अपवाद थोडे आहेत, पण मोलाचे आहेत.

याचं मूळ फार जुनं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यानं स्वतः शिकवायचं नव्हतं. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवणं कॉलेजांनी पाहावं. १८८२ साली महात्मा फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यातलं प्राथमिक शिक्षणाविषयीचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक मागणी केली होती. खाजगी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला बसू देतं, तशीच मुभा बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे अनेक तरुण घरच्या घरी अभ्यास करतील, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉलेजची फी आणि शहरात राहण्याचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांचा विचार त्यामागे होता. माझ्या आत्याच्या बहिःस्थ अर्जाची पूर्वपीठिका मला तिथे दिसते. फुल्यांनी मागितलेली वाट पुढे खुली झाली, पण त्या वाटेवर चालणाऱ्याला सोबत द्यायला मात्र कुणी आलं नाही.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्या काळात मॅट्रिक झालेल्या इथल्या मुलाला कॉलेज म्हणजे घर सोडणंच होतं. १९१६ साली अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयानं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहिले. काम मोठं होतं, पण ते निवडक विद्वानांसाठी आणि इंग्रजीत चाले. सर्वसामान्य घरातल्या मुलांसाठी कॉलेज यायला चाळीसचं दशक उजाडलं. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय १९४५चं, जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालयही त्याच सुमाराचं.

त्याआधीच, विद्यापीठाच्या बाहेर, खानदेशात दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. शिकवणं खुलं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्यांच्यातून जास्त कळतं.

पहिली अमळनेरची. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि तत्त्वज्ञान मंदिराशीही त्यांचा संबंध होता. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मुलं झोपल्यावर लिहायचं आणि सकाळी ती उठायच्या आत वाचायला ठेवायचं. तासाला जे सांगून होत नाही ते मुलाला त्याच्या वेळी, त्याच्या गतीनं वाचता यावं, अशी ती सोय होती. आज याला ‘पूरक अध्ययनसाहित्य’ म्हणतात. गुरुजींकडे फक्त टाक आणि कागद होता.

दुसरी धुळ्याची. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. श्रोत्यांत जमनालाल बजाजांसारखे उद्योगपती होते आणि साधे सत्याग्रहीही होते. विनोबा बोलत ते सोप्या मराठीत, शेतातले आणि घरातले दाखले देत, आणि साने गुरुजी ते तिथल्या तिथे उतरवून घेत. त्या टिपणांचं पुढे पुस्तक झालं. ‘गीता प्रवचने’ देशातल्या बहुतेक भाषांत गेलं आणि स्वस्त किमतीत घरोघरी पोचलं. त्यात तीन कामं झालेली दिसतात. बोलणाऱ्यानं समोरच्याची भाषा धरली, ऐकणाऱ्यानं शब्द जपून लिहिला आणि जे लिहिलं गेलं ते सगळ्यांच्या हाती लागेल असं ठेवलं गेलं. आजच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांत नेमकं हे पहिलं आणि तिसरं काम राहून जातं, असं मला फार वाटतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि खानदेशची कॉलेजं त्याला जोडली गेली. १९६२ साली दक्षिणेकडचे जिल्हे शिवाजी विद्यापीठाकडे गेले, पण खानदेश पुण्याकडेच राहिला. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासांच्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ हा शब्द तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरात रुळला. या एका सवलतीनं जेवढी मुलं कॉलेजात आणली तेवढी दुसऱ्या कुठल्या योजनेनं आणली असतील असं मला वाटत नाही. तापीच्या दोन्ही काठांवर, फैजपूरपासून शहाद्यापर्यंत, स्थानिक शिक्षणसंस्थांनी कॉलेजं काढली. फी माफ होती, कॉलेज तालुक्याला होतं. फक्त विद्यापीठ तेवढं धुळ्याहून तीनशे आणि नंदुरबारहून चारशे किलोमीटरच्या पुढे होतं. गुणपत्रिकेवर नाव चुकलं तरी ते दुरुस्त करून घ्यायला पुण्याची गाडी धरावी लागे आणि त्यात घरचे दोन-तीन दिवस जात.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा हे हेलपाटे संपले. गणिताचे प्राध्यापक डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले. गिरणेकाठी बांभोरीच्या माळावर विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि दोनाचे तीन जिल्हे झाले. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नातलगांनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ती संग्रहरूपानं आली. इथेही कुणीतरी उतरवून घेतलं म्हणूनच ते उरलं.

बहिणाबाईंवरून भाषेकडे यावंच लागतं. अंतर आणि पैसा यांच्याविषयी निदान बोललं तरी जातं. भाषेविषयी वर्गात कुणी बोलत नाही. इथली मुलं घरात अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, पावरी, मावची बोलतात. शाळेत त्यांना पुस्तकी मराठी शिकावी लागते आणि विज्ञान किंवा वाणिज्य घेतलं की इंग्रजी. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला पदवीच्या पहिल्या वर्षाला दोन भाषा ओलांडून तिसरीत विचार करायचा असतो. ज्यांचे तास आम्ही कधी विसरलो नाही, ते सर व्याख्यान मराठीत देत आणि मुलांचे चेहरे कोरे दिसले की खडू खाली ठेवून विचारत, “तुले समजनं का?” पुढची पाच मिनिटं अहिराणीत जात आणि घसारा म्हणजे काय ते शेतातल्या मोटरपंपावरून कळे. त्या पाच मिनिटांची नोंद कुठल्याही पाठ-टाचणात होत नसे.

ज्ञानाची भाषा मराठी व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं त्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा जन्म याच मुलखात, साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचा. त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. आज विश्वकोश इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. पदवीच्या मुलांनी तो उघडावा असं त्यांना वर्गात किती जण सांगतात, हे मात्र आपापल्या कॉलेजात पाहण्यासारखं आहे.

शिकवण्याचीच रीत मुळापासून बदलायचा सर्वांत गंभीर प्रयत्न १ जुलै १९८९ रोजी नाशिकला सुरू झाला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. त्याआधी देशात पत्रद्वारा शिक्षण होतं, दिल्ली विद्यापीठानं ते १९६२ सालीच आणलं होतं. आंध्रात १९८२ साली पहिलं मुक्त विद्यापीठ आलं, १९८५ साली इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं. नाशिकला पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी वेगळा जोर दिला तो पुस्तकावर. शिक्षक समोर नसताना मुलानं स्वतः शिकायचं, तर पुस्तकानंच शिक्षक व्हावं. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग थोडा मजकूर, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी उत्तरं. सगळं मराठीत. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांत रविवारी भरू लागली. शेतीचे अभ्यासक्रमही होते. केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला बागायतीचं पुस्तक हाती धरून पदविका घेता येऊ लागली. ‘मुक्तचं’ म्हणून या पदवीला नाक मुरडणारे आजही भेटतात. मला ते बोचतं, कारण नियमित कॉलेजात बाजारातल्या गाइडावर पास झालेला मुलगा आणि ही पुस्तकं ओळ न् ओळ वाचलेला मुलगा यांत कोण जास्त शिकला, हे मी जवळून पाहिलं आहे.

दूरचित्रवाणीचा प्रयोगही झाला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम इन्सॅट उपग्रहावरून दूरदर्शनवर येऊ लागले. ते लहान गावांतल्या कॉलेजांच्या मुलांसाठीच होते, पण भाषा बहुतांशी इंग्रजी आणि गावात संच दोन-चार. पुढे आयआयटींचा व्हिडिओ व्याख्यानांचा एनपीटीईएल प्रकल्प आला, ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू झालं. स्वयम्‌वरचे अभ्यासक्रम २०१६च्या नियमांनी २० टक्के श्रेयांकांपर्यंत मान्य होते, २०२१मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. म्हणजे पदवीचा दोन पंचमांशापर्यंतचा भाग धडगावच्या मुलीला गावात बसून करता येईल. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. पण सलग व्हिडिओ चालेल असं नेटवर्क तिथे हवं आणि तो व्हिडिओ तिला समजेल अशा भाषेत हवा.

म्हणून मला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चं मोल अधिक वाटतं. संगणकाच्या पडद्यावर काय करायचं ते दाखवणारे, साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. ते उतरवून घ्यावेत, इंटरनेट नसलेल्या संगणकावर चालवावेत, एकानं दुसऱ्याला द्यावेत. परवान्यानंच तशी मोकळीक दिली आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या जुन्या संगणकांवर हे चालतं.

देवाणघेवाणीच्या या हक्काचा कायदाही हळूहळू विद्यार्थ्याच्या बाजूनं आला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाची ध्वनिफीत किंवा ब्रेल प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स संचांना मोकळीक दिली. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं महत्त्व न्यायालयाला कळलं, एवढं तरी झालं. दिव्यांग विद्यार्थ्याला मात्र आजही परीक्षेच्या आदल्या दिवशी लेखनिक शोधत फिरावं लागतं. हक्क २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेला आहे, धावपळ त्याच्या आईबापांची असते.

मग २०२० आलं. कॉलेजं बंद, तास मोबाइलवर, परीक्षा बहुपर्यायी आणि ऑनलाइन. पुन्हा परीक्षा आधी घरात पोचली. टेकडीवर, झाडाखाली, जिथे रेंज मिळेल तिथे मुलांनी पेपर दिले. शिकवण्याचं काय झालं ते पुढच्या दोन वर्षांत वर्गात दिसलं. त्या काळात काही शिक्षकांनी व्हिडिओचा नाद सोडला आणि दहा-दहा मिनिटांच्या आवाजी फिती करून व्हॉट्सअॅपवर टाकल्या. डेटा कमी लागे आणि मूल गुरं चारतानाही ऐके. असं करणाऱ्यांत तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक बरेच होते. त्यांना पगार मोजक्या तासांचा मिळतो, सुटीत तोही नाही. खुल्या शिक्षणाचं साहित्य कुणी तयार करायचं, हा प्रश्न निघाला की मला आधी ही माणसं आठवतात. रिकाम्या जागा भरल्याशिवाय त्यांच्याकडून हे काम मागणं अन्यायाचं आहे. त्या फिती आज कुठे आहेत? बहुतेक जुन्या फोनांबरोबर गेल्या. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या ठेवाव्यात, त्यांना नाव-विषय द्यावा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

आत्यानं पन्नाशीनंतर मुक्त विद्यापीठाचा आणखी एक अभ्यासक्रम केला. तिची ती पुस्तकं नंतर शेजारच्या सुनेनं वापरली, मग तिच्या नणंदेनं. मध्यंतरी एक पुस्तक माझ्या हाती आलं. स्वयंअध्ययनाच्या प्रश्नांखालच्या रिकाम्या ओळींत तीन वेगवेगळ्या अक्षरांत उत्तरं होती, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. एका उत्तरापुढे आत्यानं अहिराणीत दोन शब्द जोडले होते, तिच्यानंतर वाचणारीला कळावं म्हणून.