खंगरापासून पुडीपर्यंत : हलक्या खडीची पार्श्वभूमी

कृष्णाकाठची वीटभट्टी फोडली की चांगल्या विटा ट्रॉलीत चढतात. आगीच्या तोंडाशी बसलेल्या, वितळून एकमेकींना चिकटलेल्या, काळपट फुगलेल्या विटा तिथेच बाजूला पडतात. त्यांना खंगर म्हणतात. घराच्या पायात भरायला किंवा शेतरस्त्याच्या चिखलात टाकायला कुणी मागितला तर भट्टीवाला तो आनंदाने देतो, कारण त्याचीही जागा मोकळी होते. टाकाऊ प्लॅस्टिकपासून खडी करण्याचा प्रयोग सध्या जगात अनेक ठिकाणी चालला आहे. त्याचा माग काढत गेलो तर आपण प्लॅस्टिकपाशी पोचत नाही, या खंगरापाशी पोचतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत स्टीफन हेड नावाचा एक वीटवाला होता. त्याच्याही भट्टीत माल फुगून वाया जायचा. त्याने फेकून द्यायचा तुकडा हातात घेऊन पाहिला, तर आतून जाळीदार, वजनाला हलका आणि तरी टणक. मग शेल नावाचा मातीचा दगड फिरत्या भट्टीत मुद्दाम फुगवून त्याची खडी करायची पद्धत त्याने बसवली आणि १९१८मध्ये तिचे पेटंट घेतले. वेळही बरोबर साधली. पहिल्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला होता आणि अमेरिकन सरकार काँक्रीटची जहाजे बांधायला निघाले होते. नेहमीच्या खडीचे जहाज स्वतःच्याच वजनाने खोल बसते, माल काय वाहणार? म्हणून फुगवलेली खडी. त्यातले 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज २८ जून १९१९ रोजी पाण्यात उतरले आणि नेमका त्याच दिवशी व्हर्सायचा तह झाला. युद्धासाठी बांधलेले जहाज युद्ध आटोपल्यावर पोचले! टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळ उथळ पाण्यात ते अजून पडून आहे.

हलक्या खडीची कल्पना मात्र हेडच्या फार आधीची. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट बांधताना रोमन गवंड्यांनी खाली जड दगड आणि वर माथ्याकडे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला होता. हेडने वेगळे केले ते एवढेच, की निसर्गाने न दिलेला हलका दगड त्याने भट्टीत तयार केला. पुढे त्याच वाटेने वीजकेंद्रांची राख गोळ्या करून भाजण्यात आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यात युरोपात ती खडी म्हणून विकली जाऊ लागली. विटेचा खंगर असो की कोळशाची राख, हलक्या खडीचा कच्चा माल बहुतेक वेळा कुणाच्या तरी उकिरड्यातूनच आला आहे.

मग ही खडी सातारा-सांगलीत का आली नाही? आपल्याला गरज नव्हती, हे पहिले उत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला काळा पाषाण इथे दाराशी आहे. वडारांनी घणाने खडी फोडायची, बायकांनी ती पाट्यांत भरायची, हे चित्र बघितलेली माणसे अजून हयात आहेत. त्यानंतर क्रशर आले. ब्रासभर, म्हणजे १०० घनफूट खडीचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरते आणि ते आपल्याला कधी खटकले नाही. उलट आपल्याकडे वजन म्हणजेच बळ. घर भक्कम आहे हे सांगायला 'दगडी बांधकाम आहे' एवढे पुरते. कोयना धरण उभे आहे तेही वजनावरच. १०३ मीटर उंचीचे ते गुरुत्व धरण आहे आणि त्याच्या काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवलेले आहेत. तिथे हलकेपणा हा दोषच ठरला असता.

दुसरे कारणही कोयनेचेच, आणि ते जरा गमतीचे आहे. कोयनेच्या पाण्यावर वीज झाली, त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांत कोळशाचे औष्णिक केंद्र उभे राहिले नाही. केंद्र नाही म्हणून राखेचे डोंगर नाहीत, आणि डोंगर नाहीत म्हणून राखेची खडी करून पाहायची कुणाला घाई नव्हती.

वजनाबद्दलचा हा भरवसा एका पहाटे हलला. ११ डिसेंबर १९६७, ४ वाजून २१ मिनिटे. ६.३ तीव्रतेच्या भूकंपात कोयनानगर आणि पाटण तालुक्यातली दगडामातीची घरे बसली, सुमारे १८० माणसे गेली. धरणालाही तडे गेले, पण ते उभे राहिले. भूकंप इमारतीला जो हिसका देतो तो तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, हे इंजिनिअरांना पुस्तकातून ठाऊक होते. दख्खनचे पठार मात्र तोवर निर्धोक समजले जाई. कोयनेनंतर १९७०मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक सुधारून देशाचा भूकंप-नकाशाच नव्याने आखावा लागला. १९९३मध्ये किल्लारीलाही जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची धाबी माणसांच्या अंगावर आली. या मुलखात हलक्या भिंतीचा आग्रह धरायला याहून मोठे कारण काय हवे? तरी तो धरला गेला नाही. दगड स्वस्त होता, आणि भूकंप रोज होत नाही.

हलक्या बांधकामाचा देशातला एक मोठा पुरस्कर्ता मात्र सातारा जिल्ह्यातलाच. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी १९७०च्या दशकात स्वीडिश तंत्राचे सिपोरेक्स पुण्यात आणले. ते म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी फुगवलेले, पावासारखे जाळीदार काँक्रीट. आज बाजारात मिळणारे पांढरे एएसी ब्लॉक त्याच कुळातले. वीट सोडून ब्लॉककडे गवंडी वळले, पण खडी होती तशीच राहिली.

आता प्लॅस्टिक. दुधाची पिशवी, ठिबकच्या जुन्या नळ्या, द्राक्षाचे फुटके क्रेट, पाण्याच्या बाटल्या यांना भंगारात भाव आहे. एलडी, एचडी, पीपी, पेट अशी प्लॅस्टिकच्या जातींप्रमाणे निवड होते, ग्राइंडरमध्ये चुरा होतो, यंत्रातून वितळून तारा निघतात आणि त्या कापून दाणा तयार होतो. या धंद्यात वाया फारसे काही जात नाही. वाया जाते ते भंगारवाला हातही लावत नाही ते : वेफर्सची चकचकीत पुडी, शाम्पूचे पाकीट, गुटख्याची पुडी. प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्यांत अ‍ॅल्युमिनियमची झिलई, असे एकमेकांना चिकटलेले की वेगळे काढणे परवडत नाही. १९८०च्या दशकापासून ही पाकिटे खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचली. परत न्यायला मात्र कुणी आले नाही.

त्याचा हिशेब पाण्याने मांडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचा दोष निघाला. राज्याने २००६मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पुढे २०१६चे केंद्राचे नियम, मार्च २०१८ची राज्याची प्लॅस्टिकबंदी, १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवरची देशव्यापी बंदी. पातळ पिशवी बंद झाली, पुडी चालू राहिली. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरल्यावर काठच्या झाडांच्या शेंड्यांना चिंध्यांसारखे लोंबणारे प्लॅस्टिक ज्यांनी पाहिले, त्यांना पूररेषा कुठवर होती हे नकाशावर दाखवावे लागले नाही.

या न विकल्या जाणाऱ्या मालाला बांधकामात पहिली जागा मिळाली ती रस्त्यात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००१च्या सुमारास एक साधी गोष्ट करून पाहिली. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला, तो वितळून खडीला पातळ लेपासारखा बसला आणि त्यावर डांबर जास्त घट्ट धरले. २०१३मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने या पद्धतीची मार्गदर्शिका काढली. २०१८मध्ये वासुदेवनना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०१५च्या केंद्रीय आदेशात पाच लाखांवर लोकवस्तीच्या शहरांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या रस्त्यांना हे लागू केले गेले. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाख दोन हजारांच्या घरात होती, म्हणजे महापालिका उंबरा जेमतेम ओलांडून आत आली. अडचण अशी की डांबराच्या सहा ते आठ टक्के एवढेच प्लॅस्टिक त्यात जाते, आणि डांबर मुळात खडीच्या मानाने थोडे. लेप द्यायला लागते ते किती? उरलेल्या ढिगाचे काय, हा प्रश्न राहिलाच.

खडीवर चढलेले प्लॅस्टिक खडीच्याच जागी बसवायचे, हा पुढचा विचार. तो परदेशात आधीच झाला होता आणि सुरुवातीचे निकाल निराश करणारे होते. १९९७मध्ये अमेरिकेत मोटारींच्या बंपरांचा चुरा काँक्रीटमध्ये घालून पाहिला. निम्मी खडी बदलली तेव्हा वजन सुमारे १३ टक्क्यांनी उतरले, ताकद मात्र दोन-तृतीयांश गेली. तोट्याचाच सौदा! कारण शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तेलकट ताटलीवर पाणी टाकून पाहावे. प्लॅस्टिकला पाण्याचे वावडे, पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय दगड दाबाला उलटा रेटा देतो, तर प्लॅस्टिक स्वतःच दबते आणि सगळा भार भोवतालच्या सिमेंटवर पडतो. माल पातळ असेल आणि व्हायब्रेटर जास्त फिरला, तर हलके तुकडे वर तरंगून येतात ते वेगळेच. एका स्लॅबमध्ये खाली मसाला आणि वर प्लॅस्टिक, अशी बिर्याणीची थरावळ होऊ शकते.

म्हणून नुसता चुरा टाकण्याऐवजी खरीखुरी खडी घडवण्याकडे लोक वळले. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात मिश्र प्लॅस्टिक आणि कोळशाची राख एकत्र वितळवून तिचे खडे केले. सौदीतल्या संशोधकांनी वाळवंटातली तांबडी वाळू घातली. कोस्टा रिकातल्या एका उद्योगाने चुन्याच्या साहाय्याने सगळ्या जातींचे प्लॅस्टिक एकत्र घेतले. पद्धत बाहेरून दाणा बनवण्यासारखीच दिसते : चुरा, त्यात भरणी, वितळवून दाबून काढणे, थंड करणे, क्रशरमध्ये फोडणे. फरक भरणीचा. राख, वाळू किंवा चुना मिसळला की खडा ओबडधोबड होतो, त्याला दात येतात आणि सिमेंटला पकडायला जागा मिळते. बेरीज ठोकळ आहे, पण अशा खडीचा ब्रास भरणीप्रमाणे दीड ते अडीच टनांत बसावा.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगाचा वाटला तो गोव्यातला प्रयोग, कारण तो आपल्याच पावसाच्या मुलखातला. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इंग्लंडमधले बाथ विद्यापीठ यांनी २०१८मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात हाव कमी होती. खडीला हात लावला नाही. वाळूपैकी फक्त १० टक्के बाजूला काढून तिथे वाळूच्याच मापात चाळलेला पेट बाटल्यांचा चुरा घातला, आणि ताकद जवळपास टिकली. गुजरातेतल्या ऱ्हायनो मशिन्सने २०२०मध्ये फाउंड्रीतली ८० टक्के धूळ आणि २० टक्के मिश्र प्लॅस्टिक यांचे ठोकळे केले. हे वाचताना डोळ्यांपुढे आपला पट्टा येतो. कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्र्यांतली जळकी वाळू आहे, साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची राख आहे. औष्णिक केंद्र नसले तरी भरणी आपल्याकडे कमी नाही.

मालाची निवडही इथे अशक्य नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०२०मध्ये एक लाखाखालच्या शहरांत कऱ्हाड देशात पहिले आले. घरात वेगळा केलेला कचरा म्हणजे या धंद्याचा अर्धा खर्च वाचला. ओल्या कचऱ्यात माखलेली पुडी धुऊन वाळवायची म्हटली, की तिची खडी काळ्या दगडापेक्षा कितीतरी महाग पडते.

दगडाचे सुखही आता पूर्वीचे नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. कृष्णेची वाळू दुर्मीळ झाली आणि गवंड्याच्या तोंडी क्रश सँड आली. आपल्याच डोळ्यांदेखत वाळूची जागा दगडाच्या भुकटीने घेतली, तेव्हा खडीची जागाही कशानेच घेता येणार नाही असे छातीठोकपणे कोण सांगेल?

तरी सरकारी कामात ही खडी लगेच दिसणार नाही. खडीच्या भारतीय मानकाच्या, आयएस ३८३च्या, १९७०च्या नावातच 'नैसर्गिक स्रोतांपासूनची' असे शब्द होते. ते काढून पोलादाची आणि तांब्याची मळी (धातू गाळताना भट्टीत उरणारा स्लॅग), राख आणि जुन्या काँक्रीटची खडी यांना जागा द्यायला २०१६ उजाडले. राखेच्या भाजलेल्या खडीचे वेगळे मानक २०१८मध्ये आले. त्या यादीत प्लॅस्टिक नाही, आणि खांब-तुळयांच्या बाबतीत ते नसलेलेच बरे. पॉलिथिन ११० ते १३० अंशांना मऊ पडून वितळते. आगीत इमारतीचा सांगाडा त्याच्या भरवशावर ठेवणे हा मूर्खपणा ठरेल. उघड्या फरसबंदीत झिजून त्याचे बारीक कण पुन्हा कृष्णेतच जायचे, तेही नको.

या खडीला जागा आहे ती आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली. गच्चीला उतार द्यायला आपण विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. न्हाणीघराचा स्लॅब फूटभर खाली घेतला की होणारा खड्डा, म्हणजे संकन, भरायलाही विटांचे तुकडेच. वाफेची इंजिने होती तेव्हा त्यांच्या राखेतला जळका कोळसा तिथे जायचा. म्हणजे हलकी खडी आपण कायम वापरत आलो, फक्त तिला खडी म्हटले नाही. पाच बाय आठ फुटांचे संकन मसाल्यात बसवलेल्या तुकड्यांनी भरले तर स्लॅबवर दोनेक टन वजन कायमचे लटकते, आणि त्यातून ताकद शून्य मिळते. ते फक्त जागा भरते. तिथे ऊन नाही, चाकांची झीज नाही, वरून-खालून वॉटरप्रूफिंगचा मसाला आणि त्यावर फरशी. अशा चार न्हाणीघरांना मिळून दीड ब्रासच्या आसपास भराव लागतो, आणि 'विटांचे तुकडे' ही बाब दरसूचीत आधीच लिहिलेली आहे.