शाळेतील तोतरेपणा

काय बोलायचे ते पक्के ठाऊक असूनही बोलण्याचा ओघ मध्येच, मनाविरुद्ध तुटतो त्याला तोतरेपणा म्हणतात. एखादे अक्षर पुन्हा पुन्हा येते (‘प-प-पाणी’), लांबते (‘सऽऽसर’), किंवा ओठ मिटतात आणि आवाजच फुटत नाही. बोबडेपणा वेगळा, त्यात उच्चार बिघडतो, ओघ नाही. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते. सुमारे ५ टक्के मुले यातून जातात. बहुतेकांचे अडखळणे पुढे थांबते, मोठेपणी साधारण १ टक्का लोकांत ते उरते, आणि त्यांत पुरुष जास्त असतात. मुळाशी आनुवंशिकता आणि मेंदूतील वाणीच्या नियंत्रणातले फरक असतात. मूल भित्रे आहे म्हणून किंवा कुणाची नक्कल केली म्हणून तोतरेपणा जडत नाही.

वर्गात मात्र भीती येऊन मिळते, कारण तिथे बोलण्याची पाळी आणि पुष्कळदा शब्दही ठरलेला असतो. एरवी अवघड शब्द टाळून दुसरा वापरता येतो. स्वतःचे नाव विचारल्यावर ती सोय नसते. प्रकट वाचन सुरू झाले की असे मूल पुढची डोकी मोजते, आपल्या वाट्याचा परिच्छेद हुडकते, त्यातला नेमका नडणारा शब्द हेरते आणि पाळी येईपर्यंत तोच मनात घोळवत बसते. धडा कानावरून जातो. उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणणे, ऐन वेळी पाणी प्यायला जाणे हेही त्यातलेच. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘शांत व अबोल’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली ती यासाठीच: ऐकू येते ते टोक, लाज आणि टाळाटाळ पाण्याखाली.

हेच मूल प्रार्थना, पाढे आणि चालीवरची कविता सगळ्यांबरोबर न अडखळता म्हणते. त्यावरून ‘नाटक करतो’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. एका सुरात बोलताना किंवा गाताना तोतरेपणा ओसरतो, हे जगभर आढळलेले आहे.

घरगुती उपायांत वेखंड उगाळून मधातून चाटवणे, अक्कलकारा चघळायला देणे हे चालत आले आहे. त्यांनी तोतरेपणा जातो याला भक्कम पुरावा नाही. ‘हळू बोल’, ‘आधी श्वास घे’ हा सल्ला प्रेमापोटी असला तरी मूल जास्तच अवघडते. अमेरिकी वाणीउपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीत अडखळणे लपवायचे नसते. कमी ताणाने, सैलपणे अडखळायला शिकवतात. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांमार्फत चालणारी ऑस्ट्रेलियातील लिडकम पद्धत वापरली जाते.

शिक्षकांना करण्याजोगे पुष्कळ आहे. वाक्य पुरे होऊ द्यावे, शब्द तोंडात घालू नये, नजर वळवू नये. वाचन जोडीने घ्यावे, किंवा मुलाला चालत असेल तर त्याची पाळी सुरुवातीलाच लावावी. वाट पाहण्यातच निम्मा जीव जातो. तोंडी कामातून कायमची सूट देणे मात्र दयेपोटी केलेले नुकसान आहे, कारण टाळण्याची सवय त्यानेच घट्ट होते. नकला करणाऱ्यांना थांबवणे हे मुलाचे नव्हे, वर्गशिक्षकांचे काम.

तपासणी व वाणीउपचारांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील वाणी व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणे आणि वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरवणे) यांची उदाहरणे आहेत. तोतरेपणाचा नावानिशी उल्लेख नाही.