३० सॅम्पल घेतले की झालं?

"३० सॅम्पल घेतले की डेटा नॉर्मल होतो" (नॉर्मल म्हणजे आकडे मधे जास्त, दोन्हीकडे सारखे कमी होत जाणारे, घंटेसारखा आकार) हे कॉलेजपासून ऐकतोय, परवा निफाडला भाच्याने पण तेच ऐकवलं. पठ्ठ्याने प्रोजेक्टसाठी बागेतले द्राक्षाचे ३० मणी तोडले, एकेकाचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून गोडी मोजली, पण सगळे मणी एकाच झाडाचे, ते पण बांधालगतच्या, कारण उन्हात आत कोण जाणार! अरे हे ३० नाहीत, हे एकच झाड झालं, बाकीच्या बागेचं काय?

आणि ३० ने डेटा नॉर्मल बिर्मल होत नाही हो. तो आहे तसाच वाकडा राहतो, नॉर्मलकडे झुकतं ते सरासरीचं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे असे सॅम्पल परत परत काढले तर ज्या सरासऱ्या येतील त्यांचं, आणि डेटा फारच एका बाजूला कललेला असेल तर ३० काय, १०० पण कमी पडतात. टी-टेबलमध्ये (छोट्या सॅम्पलसाठी वापरायचा तक्ता) ३० डिग्री ऑफ फ्रीडमला (इथे सॅम्पलच्या संख्येपेक्षा एक कमी) ९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा २.०४, नॉर्मलचा १.९६, जवळपास सारखेच, म्हणून हाताने गणित करताना टीच्या जागी नॉर्मलचा आकडा चालून जायचा, एवढंच.

आता रविवारी चिठ्ठ्या टाकून झाडं निवडणारे. टोपी घालून जा म्हटलं.