आइनो (फिनिश स्त्रीनाम)

आइनो हे फिनलंडमधील मुलींचे प्रचलित नाव. ते जुने वाटते, पण व्यक्तिनाम म्हणून त्याचे वय दोनशे वर्षेही नाही. कारेलिया या फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशातील लोकगीतांत ‘आइनो’ हे निव्वळ विशेषण होते: आइनो मुलगी, म्हणजे एकुलती एक मुलगी. आजच्या फिनिशमध्ये त्याचे रूप ‘आइनोआ’ असे आहे. एलियास ल्योनरूटने ही गीते गोळा करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचले (१८३५, विस्तारित आवृत्ती १८४९) आणि या विशेषणाचे विशेषनाम केले.

काव्यातील आइनोची कथा करुण आहे. व्हाइनामोइनेन या म्हाताऱ्या, मंत्रगायक नायकाशी गायनाच्या द्वंद्वात हरलेला योउकाहाइनेन दलदलीत रुतत जातो आणि जीव वाचवण्यासाठी बहीण आइनो हिचा हात त्याला देऊ करतो. असा थोर जावई मिळणार म्हणून आई हरखते. मुलगी मात्र रडत घराबाहेर पडते. पाण्याशी येऊन ती सदरा वाळुंजावर टाकते, मोजे उघड्या जमिनीवर, मणी वाळूवर. मग पोहत जाऊन एका रंगीत खडकावर बसते आणि खडकासकट बुडते. पुढे ती मासा होऊन व्हाइनामोइनेनच्या गळाला लागते, पण त्याने सुरी उगारताच निसटते आणि वर त्याची खिल्ली उडवते. मूळ लोकगीतातली मुलगी गळफास घेते. बुडणे ही ल्योनरूटची योजना.

लग्नापेक्षा मरण पत्करणाऱ्या मुलीचे नाव लोकांनी हौसेने लेकींना ठेवावे, हे नवलच. पण रशियन साम्राज्याखालच्या फिनलंडमध्ये वरच्या वर्गाची भाषा स्वीडिश होती, आणि फिनिशचा अभिमान धरणाऱ्या घरांना अस्सल फिनिश नावे हवी होती. त्यापुढे कथेचा शेवट गौण ठरला असावा. अशाच यार्नेफेल्ट घराण्यात १८७१ साली जन्मलेली आइनो पुढे संगीतकार यान सिबेलिउसची पत्नी झाली. यार्व्हेनपा येथील त्यांचे घर तिच्या नावावरून ‘आइनोला’ म्हणून ओळखले जाते. ओपेरा गायिका आइनो आक्ते हिने १९१२ मध्ये साव्होनलिना येथील किल्ल्यात ओपेरा महोत्सव सुरू केला. वास्तुरचनाकार आइनो आल्तो, लेखिका आइनो कालास ही आणखी दोन ठळक नावे. चित्रकार आक्सेली गालेन-कालेला याचे १८९१ चे तीन फलकांचे आइनो-चित्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मागे पडलेले हे नाव एकविसाव्या शतकात पुन्हा आघाडीच्या नावांत आले. फिनिश पंचांगात आइनोचा नामदिन (त्या नावाच्या व्यक्तींसाठी राखलेला दिवस) १० मे हा आहे. आइना आणि आइनिक्की या नावांचाही तोच.