बहिणीचा मॅरो जुळला, रक्तगट नाही

थॅलेसेमिया किंवा ब्लड कॅन्सर झालेल्या मुलाला मॅरो ट्रान्सप्लांटसाठी (हाडांतला रक्त बनवणारा मगज बदलण्यासाठी) बहिणीचं एचएलए (पेशींवरच्या ज्या खुणा जुळवून दाता निवडतात त्या) तंतोतंत जुळतं, घर आनंदतं आणि मग कुणीतरी विचारतं, 'पण हिचा रक्तगट तर वेगळा आहे!' तरीही ती दाता होऊ शकते. एचएलएची जनुकं 6व्या गुणसूत्रावर असतात, ए-बी-ओ गटाचं 9व्यावर. त्यामुळे एक जुळलं म्हणून दुसरं जुळेलच असं नाही. शिवाय मॅरोतल्या मूळपेशींवर (ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात) ए-बीचे अँटिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, नसतात, म्हणून त्या रुजतात. त्रास होतो तो तांबड्या पेशींना.

समजा, रुग्ण 'ओ' आणि दाता 'ए' आहे. रुग्णाच्या अंगात ए-विरोधी अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) आधीपासूनच असतात. दात्याच्या मॅरोच्या पिशवीतल्या तांबड्या पेशी रुग्णाच्या अंगात फुटू नयेत म्हणून त्या पेशी आधीच शक्य तितक्या काढून टाकतात. पण अँटिबॉडी बनवणाऱ्या रुग्णाच्या प्लाझ्मा पेशी फार चिवट. केमोथेरपीतूनही वाचून त्या काही महिने तग धरतात. पांढऱ्या पेशी वाढतात, प्लेटलेट वाढतात, हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. रिपोर्टात रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) जवळपास शून्य. नवी तांबडी पेशी मॅरोतच मारली जात असते. याला प्युअर रेड सेल अप्लेझिया म्हणतात. बहुतेकदा ते हळूहळू ओसरतं, पण तोवर रक्त चढवत राहावं लागतं आणि अंगात लोह साठत जातं. थॅलेसेमियाच्या मुलांवर तो भार आधीच असतो, म्हणून मला ही गुंतागुंत सर्वांत जाचक वाटते.

उलट जोडीत, म्हणजे रुग्ण 'ए' आणि दाता 'ओ' असताना, दात्याच्या लिम्फोसाइट (अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण 5व्या ते 15व्या दिवसादरम्यान रुग्णाच्या उरलेल्या तांबड्या पेशींवर तुटून पडू शकतात. लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, हिमोग्लोबिन एकाएकी कोसळतं. वॉर्डात या दिवसांत बारीक लक्ष ठेवतात ते यासाठीच.

दोन्ही जोड्यांत तांबड्या पेशी 'ओ' गटाच्या देतात. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) मात्र 'ए' किंवा 'एबी'चा.

दात्याचा मॅरो रुजल्यावर पुढे 'ए'चा रुग्ण 'ओ' होतो, तरी आतड्याच्या अस्तरासारख्या ऊतींवर जुना ए अँटिजन राहतोच, त्यामुळे ए-विरोधी अँटिबॉडी सहसा तयार होत नाहीत. रक्तपेढीच्या तपासणीत पेशी 'ओ' सांगतात आणि सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) 'ए'सारखं वागतं. पुढे कधीही रक्त लागलं, तर ट्रान्सप्लांटची तारीख आणि दोघांचे मूळ रक्तगट रक्तपेढीला आधी सांगा.