ब्रेकर हुकूम ओळखतो, माणूस नाही

23 डिसेंबर 2015. युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारे-जोडणारे मोठे स्विच, उघडत गेले आणि प्रवाह तुटत गेला. त्या दिवशी तीन कंपन्यांची मिळून सुमारे 30 उपकेंद्रं बंद पडली, सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

हल्लेखोर कित्येक महिने आधी ईमेलच्या अटॅचमेंटमधून आत शिरले होते. चोरलेल्या पासवर्डनी ते व्हीपीएनवरून (बाहेरून नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित वाटेवरून) थेट नियंत्रण संगणकापर्यंत पोहोचले, कारण दुसरी ओळख कोणी विचारतच नव्हतं. पुढचा घाव जास्त खोल होता. उपकेंद्राच्या जुन्या, सिरियल तारेवर चालणाऱ्या उपकरणांना नेटवर्कशी जोडणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअरच, म्हणजे त्यातलं मूळ सॉफ्टवेअरच, त्यांनी बिघडवलं. त्यामुळे ब्रेकर दुरून पुन्हा लावण्याची वाटच बंद झाली.

नियंत्रण कक्ष उपकेंद्राशी ज्या भाषेत बोलतो, त्या आयईसी 104 प्रोटोकॉलचा आदेश उघडून पाहा: उपकेंद्राचा पत्ता, ब्रेकरचा क्रमांक, ‘उघड’ किंवा ‘लाव’. पाठवणाऱ्याची सही नाही, पासवर्ड नाही. आयईसी 62351 मानकाने एन्क्रिप्शन (संदेश कुलूपबंद करणं) आणि ओळखतपासणीची सोय दिली आहे आणि ती वापरायलाच हवी. पण चोर ऑपरेटरच्याच लॉगिनमध्ये बसला असेल, तर त्याचा आदेशही तितक्याच सुरक्षितपणे पोहोचतो!

म्हणून खरा बंदोबस्त वाटेवर करावा लागतो. कार्यालयाचं नेटवर्क आणि नियंत्रणाचं नेटवर्क वेगळं ठेवा. बाहेरच्या माणसाला मधल्या एकाच जंप सर्व्हरवरून, म्हणजे पहाऱ्याच्या संगणकावरून, दुहेरी ओळख पटवून, ठरलेल्या वेळेपुरतंच आत घ्या. फायरवॉलवर 2404 हे पोर्ट, म्हणजे आयईसी 104 चे आदेश येण्याचं दार, फक्त नेमून दिलेल्या संगणकांनाच खुलं असावं. रिलेच्या (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाच्या) सेटिंगची आणि कन्व्हर्टरच्या फर्मवेअरची एक प्रत नेटवर्कबाहेर जपा. ही प्रत नसेल तर दुरुस्ती आठवडोन्‌आठवडे रेंगाळते.

आणि उपकेंद्रातल्या पॅनेलवरचा लोकल-रिमोट स्विच विसरू नका; ब्रेकर जागेवरून चालवायचा की दुरून, हे तो ठरवतो. तो ‘लोकल’वर फिरवला की दुरून येणारे आदेश अडतात, पण दोष आल्यावर संरक्षक रिले ब्रेकर ट्रिप करतोच, म्हणजे आपोआप उघडतोच. मात्र हा स्विच आदेशाच्या सर्किटमध्ये तारेनेच जोडलेला असावा. निव्वळ सॉफ्टवेअरमधला ‘लोकल’ हल्लेखोरही बदलू शकतो.

युक्रेनमध्ये 1 ते 6 तासांत वीज परतली, ती उपकेंद्रांवर गाड्या काढून गेलेल्या कर्मचाऱ्यांनी ब्रेकर हाताने लावले म्हणून.